फक्त आमचंच काहून गेलं?

नागपूर, ३ मार्च २०२५

प्रिय दामिनी,

तुझ्या ऑफिसात फोन आत नेऊ देत नाहीत आणि बाहेर आलीस की तू झोपतेस, म्हणून हा मेल. मराठीत लिहितेय, म्हणजे माझा राग इंग्रजीच्या चुका शोधण्यात वाया जाणार नाही.

आज पुन्हा सगळ्या कॉलेजचं नेट गेलं. होळी अजून व्हायची आहे, पण ऊन पाहून प्राचार्य मॅडमनी कूलर काढायला सांगितले, आणि आपल्या कॉलेजात कूलर निघाले की नेट जातं. आपण शिकत होतो तेव्हाही हे व्हायचं. सगळे म्हणायचे, उन्हानं मशिनी तापतात. मी इथेच नेट सांभाळायच्या नोकरीला लागल्यापासून तेच ऐकतेय. यंदा मी ठरवूनच ठेवलं होतं की नेट गेलं की स्विचच्या खोलीत धावायचं नाही, कूलर जिथे बसवला असेल तिथे जायचं.

शालिकरामभाऊ परीक्षा विभागात कूलर बसवून नुकतेच बाहेर पडले होते. आपले जुने इलेक्ट्रिशियन, तुला आठवत असतील. कूलर खिडकीशी लावायचा तर टेबल सरकवावं लागतं, आणि टेबल सरकवलं की संगणकाची वायर ओढली जाऊन निघते. टेबलाखाली नेटचा छोटा डबा असतो. वायरचं एक टोक त्या डब्यात होतंच. दुसरं लोंबकळत होतं, तेही भाऊंनी त्याच डब्याच्या शेजारच्या रिकाम्या भोकात खोचून दिलं होतं.

मी विचारलं, "भाऊ, ही वायर कोणी लावली इथं?"

"मीच लावली ना. लोंबकळून राहिली होती. कोणाच्या पायात अडकली असती तं मॅडम तुम्हीच बोलल्या असत्या मले."

खरंच बोलले असते. मी ते टोक उपसलं आणि सगळ्या कॉलेजचं नेट परत आलं. ग्रंथालय, लॅब, वसतिगृह, सगळं. एका टेबलाखालच्या एका वायरीने!

तुला सांगायला नको, पण मला लिहून पाहू दे, कारण हेच मला कॉलेजच्या संगणक कमिटीला समजवायचंय. आपल्या इमारतींचे स्विच, म्हणजे नेट वाटणारे डबे, आज नुसतं स्विचिंग करतात. म्हणजे सगळं कॉलेज एकच अंगण आहे. एका मशीनने हाक मारली की ती प्रत्येक दारापर्यंत जाते. वायरची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली, की हाक फिरून फिरून तिथेच येते आणि सगळं अंगण त्या एका हाकेने भरून जातं. दुसऱ्या कोणाचं काही ऐकूच येत नाही. रूटिंग केलं तर प्रत्येक इमारतीला स्वतःचं कुंपण आणि एक फाटक. हाक आतच राहते. बाहेर काही पाठवायचं तर पत्ता लिहून फाटकावर द्यायचं. परीक्षा विभागात गोंधळ झाला तर तो परीक्षा विभागाच्या इमारतीत राहील. मागच्या वर्षी घेतलेल्या स्विचांमध्ये रूटिंगची सोय आहे. नवीन काही घ्यायचंच नाही, फक्त चालू करायची आहे.

आणि १७ एप्रिलला कंपनीची प्लेसमेंट परीक्षा आहे. दुपारी, मोठ्या लॅबमध्ये. म्हणजे भर कूलरच्या दिवसांत.

तुला आपल्या परीक्षेची ती दुपार आठवते ना? तुझी सकाळची तुकडी, माझी दुपारची. नेट गेलं आणि माझा तिसरा प्रश्न पडद्यावर तसाच गोठला. कंपनीची माणसं घड्याळ बघून निघून गेली. यंदा कोणाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मला हवंय.

सोबत माझं डिझाईन आहे. बुधवारी कमिटी आहे. "हे बरोबर आहे" असं तू लिहून दिलंस तर मी ते दाखवीन. पुण्याच्या नेटवर्कवाल्या माणसाचं ऐकतात इथे.

तुझी,
प्रणाली

---

पुणे, ४ मार्च

प्रणाली वं,

तुहं डिझाईन पाहिलं. चित्र छान काढलं, पण मले विचारशील तं करू नको.

स्विचिंगच ठेव. प्रत्येक भोकावर पहारा बसव. हाकांचा पूर आला की ते भोक आपोआप बंद. झालं काम. कुंपणं घालत बसशील तं हजेरीच्या मशिनी, कॅमेरे, प्रिंटर, सारे बोंबलतीन. ते सारे एका अंगणात वाढलेले लेकरं आहेत, हाक मारूनच एकमेकाले शोधतात.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट. उद्या रूटिंग बिघडलं तं तिथं पाहीन कोण? कमिटीचे मुख्य सुमंत सर? ते अजून पासवर्ड कॅलेंडरवर लिहितात. तू एकटी. तू सुट्टीवर गेली, तुले ताप आला, तुहं लग्न ठरलं, मंग? साधी गोष्ट कोणीही दुरुस्त करते. वायर उपसली, झालं. तेवढं साधंच राहू दे.

आमच्याकडे एक जागा निघून राहिली. माह्याच टीममध्ये. अर्ज १५ एप्रिलपर्यंत. मी तुहं नाव सांगून ठेवलं. तिथं किती दिवस लोकांच्या टेबलाखाली वाकत राहशील?

कन्हानले जाऊन आले मागच्या हप्त्यात. आईनं तुह्यासाठी सांडगे दिले होते, ते मीच खाल्ले.

दामिनी

---

नागपूर, १० मार्च

दामिनी,

तुझं पत्र मी कमिटीत दाखवलं नाही. दाखवलं असतं तर सुमंत सरांनी चौकट करून भिंतीला लावलं असतं.

पहारा मी एका खोलीत बसवून पाहिला. टेबलाखालचे डबे कोणी कुठून आणलेत हे कोणालाच माहीत नाही, एकाच भोकावर अख्खी खोली लटकलेली असते. पहारा कडक केला तर कामाच्या हाकांनाही पूर समजून खोली बंद करतो. ढिला केला तर तो जागा होईपर्यंत सगळं अंगण भरलेलं असतं. हे तुला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

आता कमिटी ऐक. सुमंत सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पण चालून तं राहिलं ना सारं?"

"सर, सोमवारीच बंद पडलं होतं."

"मंग सुरू झालं ना?"

"मी वायर उपसली म्हणून सुरू झालं."

"तेच तं सांगून राहिलो! वायर उपसली की सुरू होते. मंग त्याच्यासाठी सारं कॉलेज काहून उखडाचं? टेन्शन काहून घेऊन राहिली तू?"

मी म्हटलं, परीक्षेच्या वेळी वायर सापडेपर्यंत मुलांची परीक्षा संपलेली असते. तर म्हणाले, त्या दिवशी शालिकरामला सुट्टी देऊन टाकू! सगळे हसले. मीही हसले बहुतेक, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

मग माझी चूक झाली. बाबांचं बोलणं सांगितलं. आदल्या संध्याकाळी उमरेडला गेले होते. बाबा सगळ्यांना सांगतात, पोरगी कॉलेजात वायरी पाहते. त्यांना मी हा प्रकार सांगितला तर ते म्हणाले, "आमच्या मागावर धागा तुटला तं तेवढ्याच धाग्याले गाठ मारत होतो. साऱ्या पेठेतले माग नव्हतो थांबवत." मला ते इतकं चपखल वाटलं की मी कमिटीत जसंच्या तसं म्हटलं. सुमंत सर म्हणाले, "मॅडम, इथं माग नाही चालवत आपण. इंजिनिअरिंग कॉलेज आहे हे."

मी कागद गोळा केले. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून आमच्या विणकर कोष्ट्यांच्या पेठेत माझा सत्कार झाला होता, शाल आणि नारळ. त्या शालीची मला तिथे बसून उगाच आठवण आली.

निर्णय पुढे ढकलला आहे. तुझ्या जागेबद्दल धन्यवाद. सकाळच्या तुकडीत बसलेल्या माणसाला "साधंच राहू दे" म्हणणं सोपं असतं.

प्रणाली

---

पुणे, २४ मार्च

प्रणाली,

दोन हप्ते लिहिलं नाही. आधी रागात होते, मंग लाजेत.

सकाळच्या तुकडीचं बोललीस ते बरोबर लागलं. तुले माहीत नाही, पण त्या दिवशी माही परीक्षा झाल्यावर मी गाड्यांच्या स्टँडवर बसून होते. तू बाहेर आली की दोघी जरीपटक्याले जाऊ, नवीन चपला घेऊ, असं मनात होतं. तू आली, अन् तुह्या तोंडावरून मले वाटलं पेपर कठीण गेला. मी म्हटलं, "जाऊ दे वं, कठीणच होता." तू माह्या मागं गाडीवर बसली. नेट गेल्याचं मले दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून या विषयावर आपण कधी बोललोच नाही.

आता खरं सांगते. तुहं डिझाईन बरोबर आहे. पहिल्यांदा उघडलं तेव्हाच कळलं. आमच्याकडचे सीनियर लोकही इतकं नीट काढत नाहीत. मी नाही म्हटलं कारण रूटिंग केलंस तं तू तिथंच अडकशील. सारं तुह्या डोक्यात राहीन, तुह्याशिवाय कोणाले समजणार नाही, अन् तुले सोडणार नाहीत. मले तू पुण्यात पाहिजे. म्हणून पहाऱ्याचं खोटं औषध लिहून दिलं.

कोण पाहीन तुह्यानंतर, हा प्रश्न मात्र खोटा नव्हता.

एक कामाचं सांगते. हजेरीच्या मशिनी हाक मारून सर्व्हर शोधतात. कुंपण घातलं की ती हाक बाहेर जाणार नाही अन् त्यांचा लाल दिवा लागन. प्रत्येक मशिनीत सर्व्हरचा पत्ता हातानं टाक. कुंपण घालायच्या आधी, नंतर नाही.

सोबत पत्र जोडलं आहे, कंपनीच्या कागदावर. "हे डिझाईन योग्य आहे." दाखव त्या कॅलेंडरवाल्याले.

दामिनी

---

नागपूर, ५ एप्रिल

प्रिय दामिनी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा राग आला, मग स्टँडवरच्या चपलांवर येऊन थांबले. मला वाटत होतं, तू त्या दिवशी मुद्दाम विचारलं नाहीस. तीन वर्षं मी तेच धरून बसले होते. जाऊ दे.

परवानगी मिळाली! तुझ्या पत्राने नाही. सुमंत सरांनी ते वाचून "पुण्याचे लोक काय, कागदावर काहीही लिहून देतात" म्हणत बाजूला ठेवलं. मिळाली ती मेघा मॅडममुळे. त्या प्लेसमेंट बघतात. कंपनीने या वेळी लिहूनच पाठवलंय की परीक्षेत नेट गेलं तर पुढच्या वर्षीपासून येणार नाही. त्या सरळ प्राचार्यांकडे गेल्या. सुमंत सरांनी सही केली, पण वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "प्रायोगिक तत्त्वावर. संपूर्ण जबाबदारी प्रणाली मॅडमची." संपूर्ण हा शब्द अधोरेखित.

गेल्या आठवड्यात एकेक इमारत घेतली. आधी ग्रंथालय, मग वसतिगृहं, मग लॅब, शेवटी ऑफिसची इमारत. आता प्रत्येकीला स्वतःचं कुंपण आहे. हजेरीच्या मशिनींचं तू सांगितलंस म्हणून वाचले. तरी ऑफिसातली एक राहिली. ती कूलरच्या मागे गेली होती, मला दिसलीच नाही. सकाळी लाल दिवा, आणि तिच्यापुढे सगळ्या ऑफिसची रांग. "मॅडम, तुमच्या रूटिंगनं आम्हाले गैरहजर करून टाकलं!" शालिकरामभाऊंनी कूलर पुढे ओढला, मी मागे शिरून पत्ता टाकला, हिरवा दिवा लागला. पण "रूटिंग" हा शब्द आता ऑफिसात माझ्या नावासारखा वापरतात. चहातलं दूध फाटलं तरी रूटिंगमुळे.

भाऊंना मी विनंती केली की लोंबकळणारी वायर तशीच राहू द्या, मला आवाज द्या. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तं राहू देतो. पण मी एकटाच थोडी आहो? साफसफाईवाल्या बाया आहेत, बाबू लोक आहेत. पडलेली वायर पाहून कोणाचे हात राहतात काय?" पटलं मला. सगळ्या कॉलेजला अव्यवस्थित राहायला कोण शिकवणार? म्हणून तर कुंपण.

तुझा दुसरा प्रश्न. लॅबमधल्या वैभवला मी शिकवायला घेतलंय. तो आधी "मले काहून?" म्हणाला, आता स्वतःहून प्रश्न विचारतो. कालच त्याने एक फाटक चुकीचं लावलं आणि स्वतःच शोधून काढलं. सुमंत सरांना सांगितलेलं नाही.

तुझी,
प्रणाली

---

पुणे, ९ एप्रिल

वा वं! आता सतराला सुट्टी घे अन् वैभवले बसव, तेव्हा खरी परीक्षा. मस्करी करून राहिली, घेऊ नको.

अर्ज भरला का? पंधरा तारीख. तीनदा विचारणार नाही.

दामिनी

---

नागपूर, १९ एप्रिल

प्रिय दामिनी,

तीनदा विचारणार नाही म्हणालीस, म्हणून मीच सांगते. अर्ज भरला नाही. पंधरा तारखेला पान उघडून बसले होते. दोन दिवसांवर परीक्षा होती आणि त्या पानावर "सध्याच्या कामातून कधी मुक्त होऊ शकाल" असा प्रश्न होता. मला उत्तर लिहिता आलं नाही. तू चिडणार. चिड.

आता सतरा तारीख. ऊन असं की फाटकापासून लॅबपर्यंत येताना मुलींनी दुपट्ट्याने तोंडं बांधली होती. दुपारची तुकडी बसली. मी आणि वैभव लॅबच्या बाहेर, प्रत्येक इमारतीचं नेट दाखवणाऱ्या पडद्यावर डोळे लावून. सुरुवात होऊन थोडा वेळ गेला असेल, आणि ऑफिसची इमारत लाल झाली. वैभव माझ्याकडे बघतोय, मी ऑफिस सोडून लॅबचा दिवा बघतेय. लॅब हिरवी. वसतिगृह हिरवं. ग्रंथालय हिरवं. दामिनी, त्या क्षणी मला कोणीतरी दिसायला हवं होतं ज्याला मिठी मारता येईल. तिथे वैभव आणि पाण्याचा कॅन होता.

वैभवला तिथेच ठेवून मी ऑफिसकडे धावले. जिन्यावरच सुमंत सरांचा आवाज.

"काय करून ठेवलं बाप्पा तुम्ही? सारं ऑफिस बंद!"

"सर, कुठेतरी वायर..."

"वायर नका सांगू मले! लॅबचं सुरू आहे, लायब्ररीचं सुरू आहे. मंग फक्त आमचंच काहून गेलं?"

मी म्हटलं, "सर, तेवढ्यासाठीच तर हे केलं होतं."

"आमचंच बंद पाडण्यासाठी?"

तोवर बाबू लोक बाहेर आले होते. एक म्हणाले, आधी जायचं तं साऱ्यांचं जायचं, आता ऑफिसवर काय राग आहे? दुसऱ्या म्हणाल्या, हजेरीच्या वेळेस बोललो होतो ना, त्याचा बदला. सगळं कॉलेज बंद पडायचं तेव्हा कोणी कोणाला विचारत नव्हतं. ऊन होतं, नशीब होतं, चहा प्यायला जायचे. एकच इमारत बंद पडली, तर त्यामागे माणूस हवा आणि तो मी.

वायर सुमंत सरांच्याच खोलीत सापडली. त्यांचा नवा कूलर सकाळी आला होता आणि टेबल सरकलं होतं. ते टोक खोचलं कोणी, हे मी विचारलं नाही. शालिकरामभाऊ दारातूनच म्हणाले, "मी नाही हो मॅडम, मी तं तशीच लोंबकळत ठेवली होती. तुम्ही सांगितलं होतं ना." सुमंत सर एकदम कूलरचं पाणी तपासायला वाकले.

त्याच संध्याकाळी मेमो मिळाला. "प्रशासकीय इमारतीचीच सेवा खंडित होण्याचे कारण लेखी द्यावे, तसेच प्रशासकीय इमारत पूर्ववत करावी." त्यांना परत सगळ्यांसोबत बंद पडायचंय. मेघा मॅडम म्हणाल्या, बाकीच्या इमारतींना हात लावू देणार नाही, पण ऑफिससाठी मी भांडू शकत नाही. ऑफिस पुन्हा उघड्यावर ठेवलं तर त्यांचा गोंधळ मुख्य खोलीपर्यंत येणार. तो तिथे कसा अडवायचा, हे मी आणि वैभव मिळून बघतोय. फुकटचं काम. मेमोचं उत्तर मी चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी एकच ओळ उरते: बाकीच्यांचं जाऊ नये म्हणून. एवढंच पाठवू का? राग दिसतोय का त्यात? तू वाचून सांग.

एक राहिलं. परीक्षा संपली तेव्हा मी ऑफिसातून परत येत होते, बाह्यांना धूळ, डोकं तापलेलं. करिष्मा नावाची एक मुलगी लॅबमधून बाहेर पडली. भिवापूरकडची आहे, वसतिगृहात राहते. तोंडाला दुपट्टा बांधता बांधता मला म्हणाली, "मॅडम, ऑफिसात नेट गेलं होतं म्हणतात?"

मी म्हटलं, हो.

"कधी? परीक्षेच्या वेळेस?"

"हो. पेपर कसा गेला?"

"तिसरा प्रश्न कठीण होता," ती म्हणाली. "बाकी होऊन गेला. पण मॅडम, आम्हाले तं काहीच कळलं नाही."

आणि ती मैत्रिणीला हाका मारत स्टँडकडे निघून गेली.

तुझी,
प्रणाली